मधला स्पीकर

शनिवारी रात्री सगळं ऐकू येत होतं, माणसं सोडून.
जिन्यावरचे बूट. कपबशीचा किणकिणाट.
आमच्या मानेमागून एक कुत्रं भुंकत गेलं
उजवीकडून डावीकडे.
सबवूफरवर ठेवलेल्या बशीत शेव थरथरली,
आणि पडद्यावरची बाई तोंड उघडून
काहीतरी फार महत्त्वाचं
म्हणत नव्हती.

मी टेलिफोन एक्स्चेंजात बत्तीस वर्षं काढली.
अख्ख्या राजेंद्रनगरच्या लाइनी या बोटांखालून गेल्या.
कुणाची ओलीनं कुजली, कुणाची घुशीनं कुरतडली,
डायल टोनच्या कण्हण्यावरून सांगायचो.
आता इंदुरात मी माझ्याच घरी मेकॅनिक बोलावू?
"बघतो," म्हटलं.
"बघा," प्रमदा म्हणाली.

आवाज एकवीसवरून पंचेचाळीसवर नेला.
कुत्रं मोठं झालं, बाई तेवढीच.
बंद केलं, वीस मोजले, चालू केलं.
सेटिंगमध्ये शिरलो तो जर्मनमध्ये निघालो,
निनादला फोन लावून कसाबसा इंग्रजीत परतलो.
मग टेस्ट टोन.
शू… डावा.

शू… उजवा.
शू… मागचा उजवा. शू… मागचा डावा.
देवळाला फेऱ्या घालणाऱ्या म्हातारीसारखा तो आवाज
दर फेरीला त्याच जागी
खांबाआड जायचा.
टीव्हीचं कपाट सरकवून मागे बघायला हवं होतं.
पण तारा मी स्वतः जोडलेल्या. मी जोडलेली तार निघत नाही.
शिवाय गुडघे.

रविवारी बाईनं पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा
प्रमदा भेंडी चिरत होती.
"ती म्हणतेय," मान वर न करता ती म्हणाली,
"खंडव्याच्या बदलीचा कागद खिशात घेऊन
तू आठ दिवस हिंडलास, मला का नाही सांगितलंस?"
"तिला खंडवा कुठला माहीत?" मी हसलो.
नंतर लक्षात आलं:
लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली,
हा पहिला 'तू'.

सोमवारी इन्स्पेक्टरनं पिस्तूल रोखून विचारलं,
"मी माहेरी असताना माझी पेटी
कुणाला विकलीस रे?"
तेवढ्यात नायकाला गोळी लागली.
उत्तर राहून गेलं.

मंगळवारी सियागंजातून फखरीभाई आले.
एका ढुशीत कपाट पुढे ओढलं, टॉर्च दातांत धरला,
मागे वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.
"भिया, ये तार निकली नी है,
किसी ने निकाल के रखी है।"
लाल-काळी जोडी, नीट वेटोळं घालून,
वर कोथिंबिरीच्या जुडीचं पिवळं रबर.
"आप ने?"
"हां," मी म्हटलं. "मैंने ही।"
स्वयंपाकघरातून प्रमदानं विचारलं,
"भैया, शक्कर कितनी?"
दोनशे रुपये घेताना फखरीभाईंनी माझ्याकडे पाहिलं,
रिसीव्हर खाली ठेवायला विसरून
फोन डेड असल्याची तक्रार करणाऱ्यांकडे
मी पाहायचो, अगदी तसं.

आज रात्री सगळं ऐकू येतं.
बाईनं शेवटी ते महत्त्वाचं वाक्य म्हटलं:
"गाडी आलीय, खाली चला."
बस, एवढंच होतं.
प्रमदा गप्प. मेथी निवडतेय,
काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.
पिवळं रबर माझ्या करंगळीत आहे,
बोट थोडं निळं पडलंय.

रिमोट सोफ्याच्या फटीत सापडला.
एकवीस.
पंधरा.
नऊ.
बशीतली शेव स्थिर झाली.

"महूचे एक मास्तर होते,"
मी म्हटलं.